भुऱ्या, डांबरगोळ्या आणि पुस्तकाचं दुकान : एका पावसाळ्याची केस

ही केस रत्नागिरीतल्या एका पुस्तकाच्या दुकानातली आहे. दुकान बाजारातल्या आडगल्लीत, मालक साठी ओलांडलेले आणि स्वतः लिहिणारे, आणि दुकानात कायम त्यांचा गावठी कुत्रा भुऱ्या, वय अंदाजे सात, वजन सोळा किलो. जूनच्या शेवटी भुऱ्या आजारी पडला, सगळ्यांना वाटलं गोचीड ताप, आणि निघाली डांबरगोळीची विषबाधा, म्हणजे पुस्तकं वाचवायला ठेवलेली गोळी कुत्र्याच्या पोटात गेली. तो वाचला हे आधीच सांगून टाकते, कारण कुत्र्याची गोष्ट जीव मुठीत धरून वाचायला मला स्वतःला अजिबात आवडत नाही आणि दुसऱ्या कोणाला तसं बसवायचंही नाहीये.

मी त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत डीटीपी आणि प्रूफं बघायचं काम करते, त्यामुळे सगळं जवळून पाहिलंय. मालकांना आम्ही सगळे काका म्हणतो, इथेही काकाच म्हणते. लिहायचं काकांनीच सांगितलं. त्यांचं म्हणणं, पुस्तकं ठेवणाऱ्या प्रत्येक घरात या गोळ्या असतात आणि कोकणातल्या बहुतेक घरात एक तरी कुत्रा असतो, तर हे लोकांपर्यंत गेलंच पाहिजे.

भुऱ्याचं दुकानातलं काम

भुऱ्या आला कसा यावर घरात एकमत नाही. काका म्हणतात तो मांडवीच्या किनाऱ्यावरून मागे मागे आला, काकी म्हणतात यांनीच बिस्किट घालत घालत आणला. पिल्लू होता, कान गोचिडांनी भरलेले. काकींनी अट घातली की स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, आणि तो आजतागायत ओलांडत नाही, पण उंबऱ्याच्या अलीकडे पंजे ठेवून बसतो आणि काकी मासे साफ करता करता त्याच्याशी तासभर बोलत असतात.

इकडे पुस्तकाचं दुकान चालवायचं म्हणजे बराचसा वेळ वाट बघण्यात जातो. जूनमध्ये शाळेची पुस्तकं आणि वह्या, तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मग जुलै आणि निम्मा ऑगस्ट कोणी फिरकत नाही. गणपतीला चाकरमानी आले की आरतीसंग्रहाबरोबर चार कादंबऱ्या जातात, मग दिवाळी अंक, पंचांगं, कॅलेंडरं, आणि मार्चला वाचनालयांची खरेदी. वाचणारी माणसं इथे नाहीत असं कोणी म्हणू नये, रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं आहे. पण गावात वाचणारे असणं वेगळं आणि जुलैतल्या मंगळवारी दुपारी दुकानात कोणी येणं वेगळं. लिहिणाऱ्या माणसाचंही तेच आहे, बसायचं आणि वाट बघायची. म्हणजे काकांच्या दोन्ही कामांत एकट्याने बसणं आहे.

लोक म्हणतात कुत्रा असला की एकटेपण जातं. मला हे पूर्ण पटत नाही. काकांचं एकट्याने बसणं होतं तेवढंच आहे, फरक हा पडला की त्याला वेळापत्रक आलं. सकाळी साडेसहाला मांडवीच्या काळ्या वाळूवर चक्कर, पाऊस असला तरी. नऊला दुकान उघडायचं, भुऱ्या दाराच्या आत डाव्या बाजूला, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्याशेजारी. एक ते चार दुकान बंद, जेवून काका मागच्या खोलीत लिहायला बसतात आणि भुऱ्या टेबलाखाली. सव्वातीनच्या सुमारास तो उठतो, अंग ताणतो आणि काकांच्या गुडघ्यावर नाक ठेवतो. मग काका उठून त्याला परसात सोडतात, स्वतः पाणी पितात, आणि परत येऊन त्या दिवशी लिहिलेलं मोठ्याने वाचतात. त्याला वाचून दाखवतात असंच म्हणायचं, कारण ते त्याच्याकडे बघून वाचतात.

याबद्दल एक सांगण्यासारखं आहे. २०१६ साली हंगेरीत, बुडापेस्टच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी १३ कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये न हलता पडून राहायला शिकवलं आणि ट्रेनरच्या आवाजात त्यांना शब्द ऐकवले, काही कौतुकाचे, काही असेच बिनमहत्त्वाचे, कधी कौतुकाच्या सुरात तर कधी सपाट सुरात. शब्दही कौतुकाचा आणि सूरही कौतुकाचा असेल तरच मेंदूतला खुशीचा भाग जागा होताना दिसला. म्हणजे माणूस काय बोलतोय आणि कसं बोलतोय हे दोन्ही कुत्रा ऐकतो. भुऱ्याला काकांच्या लेखातला मजकूर कळत नाही हे उघड आहे, पण वाचताना काकांचा आवाज कुठे पडला, कुठे ते नुसते शब्द ओढत गेले, ते त्याला जाणवतं असं काकांचं ठाम मत आहे. तो डोकं खाली टाकतो, काका तिथे पेन्सिलीने खूण करतात. मी मानते, कारण ती खुणा केलेली पानं टाइपिंगला माझ्याकडेच येतात आणि खुणेपाशी वाक्य खरोखर सैल असतं.

गिऱ्हाइकांचं काय, असं विचारणारे भेटतात. काही लोक घाबरतात, लहान मुलं जास्त. काकांनी कधीच "काही करत नाही तो, या आत" असं म्हटलं नाही, कोणी दारात थबकलं की ते आधी भुऱ्याला मागच्या खोलीत नेतात आणि मग माणसाला आत बोलवतात. हे मला फार बरोबर वाटतं. घाबरणाऱ्याला समजावत बसण्यापेक्षा कुत्रा हलवणं सोपं. रेबीजची लस दर वर्षी, कार्ड गल्ल्यात ठेवलेलं, कोणी विचारलं तर दाखवायला.

आजार

त्या वर्षी पाऊस वेळेवर लागला होता. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, हवा इतकी दमट की रॅकवरचं पुस्तक हाताला ओलसर लागतं, कव्हरं वाकतात, आठवड्याभरात बांधणीच्या कापडावर बुरशी येते. त्याशिवाय कसर आणि वाळवी. म्हणून मे महिन्याच्या शेवटी काका दर वर्षी डांबरगोळ्यांच्या पुरचुंड्या बांधून रॅकमागे टाकायचे, त्यांच्या वडिलांपासूनची पद्धत. गोळ्या बाजारातून सुट्ट्या, वजनावर आणलेल्या, त्यामुळे पाकीट नाही, लेबल नाही.

रविवारी रात्री भुऱ्याने उलटी केली. सोमवारी भाकरी खाल्ली नाही. पावसाळ्यात कुत्री गवत खाऊन उलटी करतात म्हणून कोणी फार मनावर घेतलं नाही. मंगळवारी सकाळी तो मांडवीला निघाला पण नाक्यापर्यंत जाऊन बसला, उठेचना, आणि परत आल्यावर परसात त्याची लघवी काकींनी पाहिली, कोऱ्या चहासारखी, काळपट लाल. काकींनीच त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि म्हणाल्या, "अहो, याच्या अंगात रक्तच नाही. आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलवा."

हिरड्या बघायचं हे प्रत्येक कुत्रेवाल्याने शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते (काहींची मुळात काळी असते, मग डोळ्याची खालची पापणी आतून बघायची). बोटाने दाबली की पांढरी होते आणि सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी. भुऱ्याची दाबायच्या आधीच पांढरट होती, किंचित तपकिरी झाक असलेली.

डॉक्टरांनी पहिला अंदाज गोचीड तापाचा केला आणि तो अगदी रास्त होता. आपल्याकडे पावसाळ्यात कुत्रा मलूल, हिरड्या पांढऱ्या, लघवी लाल म्हटल्यावर पहिलं नाव बाबेसियाचं येतं, गोचिडातून रक्तात जाणारा जंतू, लाल पेशी फोडतो. दुसरी शंका लेप्टोची, उंदराच्या मुतातून पसरणारा, तो माणसालाही होतो, पण भुऱ्याचं लेप्टोचं इंजेक्शन झालेलं होतं आणि डोळे पिवळे नव्हते. गोचीड तापाचं औषध लगेच सुरू झालं, रक्त घेतलं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. ताप नव्हता. कुत्र्याचं नॉर्मल तापमान आपल्यापेक्षा जास्त असतं, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, आणि भुऱ्याचं ३८.४ भरलं. बाबेसियात बहुतेक वेळा अंग चांगलंच तापतं. डॉक्टर हे स्वतःच दोनदा बोलून दाखवत होते आणि मला त्यांचं हे फार आवडलं, की औषध चालू केल्यावरही त्यांनी शंका सोडली नाही.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. काचपट्टीवर जंतू दिसत नव्हता, पण लाल पेशींच्या कडेला बारीक फुगवट्यासारखे ठिपके दिसत होते, त्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात. पेशीतलं हिमोग्लोबिन एखाद्या रसायनाने खराब झालं की ते गोळा होऊन असे ठिपके होतात आणि मग शरीर त्या पेशी मोडीत काढतं. म्हणजे जंतूचं काम नाही, काहीतरी पोटात गेलंय. त्यांनी फोनवर एकामागून एक विचारलं, कांदा खाल्ला का भरपूर, लसूण, कोणी तापाची माणसांची गोळी दिली का पॅरासिटामॉलची, एखादं नाणं किंवा जस्ताचा तुकडा गिळला का. सगळ्याला नाही. मग ते म्हणाले, "सकाळी त्याच्या तोंडाला डांबरगोळीचा वास येत होता, मला वाटलं दुकानातला कुत्रा आहे, केसांना लागला असेल. पण तुम्ही जरा रॅकखाली बघा."

या केसची खरी मेख इथे आहे. ज्या घरात गोळ्या असतात त्या घराला तो वास असतोच, पुस्तकांना, कपड्यांना, कुत्र्याच्या अंगाला, त्यामुळे त्याच्या श्वासाला तो येतोय हे आम्हाला कळायला मार्गच नव्हता. आम्ही सगळे त्या वासात दिवसभर बसत होतो.

शोध

मी आणि काकांनी खालचा कप्पा रिकामा केला. जुन्या धार्मिक पोथ्यांच्या मागे, भिंतीकडे, एक पुरचुंडी फाडलेली सापडली. चार गोळ्या बांधलेल्या होत्या, एक अख्खी आणि एक अर्धी उरलेली. कुत्री सहसा या गोळ्यांना तोंड लावत नाहीत, वास उग्र असतो, मग भुऱ्याने का फाडली? ते काकींनी कापड हातात घेताच ओळखलं. पुरचुंड्या जुन्या धोतराच्या फडक्यांच्या असायच्या, त्यातलं हे एक फडकं मे महिन्यात सुकट वाळत घातली तेव्हा टोपलीवर झाकायला वापरलेलं, धुतलं होतं पण सुकटीचा वास असा जातो थोडाच. त्याला हवी होती सुकट, गोळ्या सोबत गेल्या.

आता गोळी नक्की कशाची हे ठरवायचं होतं, कारण बाजारात एकाच नावाने वेगवेगळी रसायनं मिळतात. नॅप्थलीन रक्ताला सगळ्यात वाईट. पॅराडायक्लोरोबेन्झीन त्यामानाने कमी घातक. आणि कापराची वडी असेल तर धोका वेगळाच, त्यात झटके येऊ शकतात आणि तेही लवकर. डॉक्टरांनी घरी करायची एक परीक्षा सांगितली, ती इथे लिहितेच. दोन ग्लास घ्यायचे. एकात साधं पाणी. दुसऱ्यात कोमट पाणी घेऊन मीठ टाकत ढवळत राहायचं, तळाला न विरघळता मीठ उरेपर्यंत. गोळी साध्या पाण्यात तरंगली तर कापूर. साध्या पाण्यात बुडाली पण मिठाच्या पाण्यात तरंगली तर नॅप्थलीन. दोन्हींत बुडाली तर पॅराडायक्लोरोबेन्झीन. आमची साध्या पाण्यात तळाला गेली आणि मिठाच्या पाण्यात वर आली. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. (ग्लास नंतर फेकून द्यायचे, परत वापरायचे नाहीत.)

तोपर्यंत गल्लीत बातमी पसरली होती आणि सल्ले यायला लागले. सगळे प्रेमाने आलेले होते, पण त्यातले दोन जिवावर बेतले असते म्हणून सांगते. एकांनी सांगितलं दूध-तूप पाजा, विष उतरतं. नॅप्थलीन स्निग्ध पदार्थात विरघळतं, त्यामुळे दुधा-तुपाने ते उलट जास्त आणि लवकर अंगात जातं. दुसऱ्यांनी सांगितलं मिठाचं पाणी पाजून उलटी करवा. कुत्र्याला मिठाचं पाणी पाजणं हेच एक विष आहे, आणि उलटी करवायची की नाही हे डॉक्टरनेच ठरवायचं, तेही गोळी खाल्ल्यावर थोड्या वेळात कळलं तर. इथे दिवस उलटून गेले होते.

गोळी पोटात हळूहळू विरघळते, म्हणून सलाईनबरोबर ऍक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष शोषून घेणारी कोळशाची पूड, परत परत द्यावा लागला. लाल पेशींचं प्रमाण सांगणारा पीसीव्ही नावाचा आकडा असतो, निरोगी कुत्र्यात साधारण ३७ ते ५५ टक्के. भुऱ्याचा मंगळवारी २४ होता, बुधवारी १९. पंधरा-सोळापर्यंत उतरला असता तर रक्त चढवावं लागलं असतं. कोल्हापूरला न्यायचं म्हणजे आंबा घाट, सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि त्या पावसात घाटात दरड येऊन रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही, त्यात तसा अशक्त कुत्रा. म्हणून डॉक्टर म्हणाले इथेच तयारी करून ठेवू, एक मोठा, निरोगी, लसी झालेला कुत्रा बघा.

कुत्र्यांमध्येही रक्तगट असतात, पण आधी कधी रक्त न चढवलेल्या कुत्र्याला पहिल्या वेळी दुसऱ्याचं रक्त सहसा चालून जातं, हे मला तेव्हाच कळलं. दुकानात नेहमी येणाऱ्या एका शिक्षिका बाईंचा लॅब्रेडोर आहे, तीस किलोचा. काकींनी फोन केला आणि बाई भर पावसात रिक्षाने त्याला घेऊन आल्या, रात्री नऊपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसल्या, दुसऱ्या दिवशी परत आल्या. गुरुवारी आकडा १८, शुक्रवारी २०. रक्त लागलं नाही. पण त्या दोन दिवसांत एक तयार कुत्रा तिथे आहे या एका गोष्टीवर काका उभे होते, न लागलेल्या मदतीचीही केवढी किंमत असते हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

दुपारचे तीन

आता लिहिण्याबद्दल. दिवाळी अंकांचे संपादक जुलै संपायच्या आत लेख मागतात. काकांचा लेख होता कोकणच्या बोटींवर, मुंबईहून निघून बंदरं घेत येणाऱ्या आगबोटी, किनाऱ्याला लागता यायचं नाही म्हणून माणसं पडावातून, म्हणजे लहान होडीतून, उतरवायची, ते सगळं. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली, त्या भागापर्यंत लेख आला होता आणि भुऱ्या आजारी पडला.

काका त्या आठवड्यातही दुपारी टेबलाशी बसत होते. लिहीतही होते, लोकांना वाटतं तसं काही सुचायचं थांबलं नव्हतं. पण पानं माझ्याकडे आली तेव्हा मला काहीतरी वेगळं वाटलं. वाक्यं लांबली होती, एकात एक अडकलेली, आणि पेन्सिलीची एकही खूण नव्हती. मी विचारलं, वाचलंत का हे? म्हणाले, "कोणाला वाचू?" रिकाम्या खोलीत मोठ्याने वाचायला त्यांना जमत नव्हतं. आणि सव्वातीनला कोणी उठवत नव्हतं म्हणून ते चारपर्यंत तसेच बसायचे, पाय सुजायचे, दुकान उघडायला उशीर व्हायचा. मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं की या माणसाच्या लिहिण्यातलं किती काम तो कुत्रा करत होता. स्फूर्ती वगैरे मी म्हणत नाही. माणसाला वेळेवर उठवणं, समोर बसणं आणि मान वर करून ऐकणं, एवढंच ते काम आहे, पण लिहिणाऱ्याला यापेक्षा जास्त मोठं काही कोणी देत असेल असं मला वाटत नाही.

गुरुवारी दुपारी काकी मागच्या खोलीत आल्या, तांदूळ निवडायचं सूप घेऊन, आणि म्हणाल्या वाचा मला. काका संकोचले, मला हे दिसलं, पण वाचायला लागले. काकी भुऱ्यासारख्या गप्प ऐकणाऱ्या नाहीत. पडावाचा भाग आला तसं त्यांनी थांबवलं. त्या लहानपणी आईबरोबर बोटीने मुंबईला गेलेल्या, पडाव लाटेवर वर गेला की बोटीवरचा खलाशी मूल झेलून घ्यायचा आणि त्यांना तसंच झेललेलं, त्याच्या हाताला डिझेलचा वास होता, हे सगळं त्यांनी तिथे सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात काकांना हे माहीत नव्हतं. ते लेखात आलं, काकींना विचारून, आणि माझ्या मते लेखातला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे.

भुऱ्या शनिवारी घरी आला. उभा राहायचा, चार पावलं चालायचा, बसायचा. काकींनी त्याच्यासाठी पेज केली, मीठ न घालता, बरोबर उकडलेलं चिकन. नव्या लाल पेशी रक्तात यायला तीन ते पाच दिवस लागतात आणि तूट भरून निघायला काही आठवडे, त्यामुळे मांडवी बंद, फक्त परस. सव्वातीनला तो पहिले काही दिवस उठला नाही, काकाच त्याला उठवायचे.

दुकानात काय बदललं

गोळ्या, पुरचुंडी सापडली त्याच रात्री गेल्या, सगळ्या रॅकमागच्या, मोजून, कारण मे महिन्यात किती पुरचुंड्या टाकल्या ते काकांनी वहीत लिहून ठेवलेलं. ही वही नसती तर एखादी राहिली असती. मग डॉक्टरांना बोलावून आम्ही दुकान त्यांच्या नजरेने फिरून पाहिलं आणि धक्काच बसला, कारण पुस्तकाच्या दुकानात कुत्र्याला मारण्यासारखं किती काय असतं. बांधणीची खळ घ्या. गव्हाच्या पिठाची, कुत्र्याला चाटायला आवडेल अशी, आणि तिला कीड लागू नये म्हणून जुन्या पद्धतीने त्यात मोरचूद घालतात. मोरचूद विषारी. खळीचं भांडं आता झाकणाचं आहे आणि फळीवर. उंदीर बांधणीचा डिंक खातात म्हणून ठेवलेलं औषध होतं, ते तर त्याहून वाईट, काही औषधांनी रक्त गोठायचंच थांबतं, आणि झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. शिवाय औषध खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तरी बाधा होऊ शकते. त्याऐवजी पिंजरे आणले, रोज सकाळी बघायचे, कंटाळवाणं आहे पण चालतं.

पुस्तकांचं काय करायचं हा प्रश्न उरलाच. कापूर वापरा असं दोघातिघांनी सुचवलं, तो नको हे वर लिहिलंच आहे. खालचे दोन कप्पे आता मोकळे ठेवलेत आणि रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेत, म्हणजे मागून हवा फिरते, अर्धी बुरशी त्यानेच थांबली. काचेच्या कपाटांत पिवळा बल्ब, पूर्वी लोक लावायचे तसा, पुस्तकांपासून लांब. वरच्या फळ्यांवर वाळवलेला कडुनिंबाचा पाला. आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने पुस्तकं झटकायची, ते मी आणि काकी करतो. कसर लागलेलं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये पंधरा दिवस ठेवायचं, आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पुस्तकाला घाम सुटतो, पूर्ण दिवस बाहेर राहू दे आणि मग उघडा. याने कसर मरते. काकींच्या फ्रीझरमध्ये सुरमईशेजारी एक शब्दकोश होता कितीतरी दिवस, आणि काकींनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

गोळ्यांइतकं हे सगळं सोपं नाही. गोळी टाकली की चार महिने बघायला नको, इथे दर आठवड्याला हात लागतो. त्या पावसाळ्यात काही पुस्तकं गेलीच, जुन्या बांधणीची, ज्यांची दुसरी प्रत मिळणार नाही अशीही. काकांना वाईट वाटलं, अजून वाटतं, आणि मलाही. पण पुस्तकं आणि कुत्रा यांत निवडायची वेळ आली असं मी म्हणू देणार नाही कोणाला, कारण निवड होती सोय आणि मेहनत यांच्यातली.

ऑगस्टमध्ये परत रक्त तपासलं, पीसीव्ही ४१. यकृताचा रिपोर्ट थोडा वर होता, तो पुढच्या तपासणीत खाली आला. गणपतीच्या गर्दीत भुऱ्या दुकानात नव्हता, वर काकींकडे होता, इतके पाय असतात तेव्हा त्याने खाली नसावं हे आता ठरलंय. लेख वेळेत गेला आणि छापून आला. दुपारच्या वाचनाला आता दोघं असतात, काकी खुर्चीवर, भुऱ्या टेबलाखाली, आणि पेन्सिलीच्या खुणा पूर्वीपेक्षा जास्त येतात, त्यामुळे माझं टाइपिंगचं काम वाढलंय.

गल्लीतल्या इतर दुकानदारांना आम्ही जाऊन सांगितलं. स्टेशनरीवाल्यांनी आणि कापडवाल्यांनी गोळ्या काढून टाकल्या. एक जण म्हणाले माझ्याकडे कुत्रा नाही, मला काय. त्यांच्या ओटीवर गल्लीतली तीन कुत्री पावसाची येऊन झोपतात, ते आम्ही त्यांना दाखवलं. गोळ्या त्यांनी अजून काढलेल्या नाहीत, पण पत्र्याच्या डब्यात घालून डबा माळ्यावर टाकलाय, आणि काका येत्या मे महिन्यात कडुनिंबाचा पाला आणतील तेव्हा त्यांच्यासाठीही एक पोतं आणणार आहेत.